वारा कुठला? एका वादळी समुद्रचित्राचा प्रकरण अभ्यास

काम असं होतं. कॅनव्हास ४८ बाय ३६ इंच, आडवा. माध्यम तैलरंग. विषय आषाढातला खवळलेला समुद्र, रत्नदुर्गाच्या कड्यावरून दिसतो तसा. आम्ही रत्नागिरीकर त्याला भगवतीचा किल्ला म्हणतो. मुदत गणपतीपर्यंतची, कारण तोवर नवं घर तयार होऊन पुढच्या खोलीत चित्र लागायला हवं होतं. काम सांगणारे गृहस्थ नोकरीनिमित्त पुण्याला असतात, घरात त्यांचे वडील राहतात. वडिलांनी उभं आयुष्य मिरकरवाड्याच्या बंदरातून मासेमारी केली, शेवटची बरीच वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख म्हणून. मुलाच्या अटी दोनच: लाटा जोरदार हव्यात आणि त्यात बाबांची होडी हवी.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात तैलरंगात काम करतो. समुद्र मी पुष्कळ रंगवला होता, पण तो हिवाळ्यातला, भाट्याच्या खाडीवरचा, संध्याकाळचा. उधाणाच्या वाटेला मोठ्या कॅनव्हासवर कधी गेलो नव्हतो. हे चित्र मी दोनदा केलं. पहिलं ज्यांनी पाहिलं त्या जवळजवळ सगळ्यांना ते आवडलं होतं, आणि ते साफ चुकलेलं होतं. कुठे चुकलं आणि ते कसं निस्तरलं हे सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण हीच चूक मला माझ्या मुलांच्या वह्यांत आणि अनेक प्रदर्शनांतही दिसते.

पहिलं चित्र

कॅनव्हासला जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दिले. त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट अंबर पुसून घेतला, म्हणजे पांढऱ्या कॅनव्हासची भीती जाते आणि मधला टोन आयता मिळतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर सुकतो. भर पावसातही दोन दिवसांत हाताला कोरडा लागला. इथवर सगळं ठीक होतं.

मग रचना. डावीकडे एकच प्रचंड लाट, वर जाऊन पुढे वळलेली. तिच्या कमानीतून प्रकाश आरपार आल्यामुळे पाणी काचेच्या बाटलीसारखं हिरवं चमकतंय. शेंड्यावरचा फेस घोड्याच्या आयाळीसारखा मागे उडतोय. वर काळंकुट्ट आभाळ, पुढे काळे खडक, उजवीकडे कललेली छोटी होडी, शीड फुगलेलं. फेसासाठी टायटॅनियम व्हाइट पॅलेट नाइफने थापला. चमक यावी म्हणून त्यात वरून जवसाचं तेल घातलं. या तेलाने पुढे मला फार रडवलं.

लाटेची ती हिरवी चमक कुठून आली ते मला नीट माहीत आहे. माझ्या डोक्यात ऐवाझोव्स्की होता. क्रिमियातल्या फिओदोसियाचा हा चित्रकार, जन्म १८१७. त्याचं १८५० सालचं 'नववी लाट' हे चित्र २२१ बाय ३३२ सेंटिमीटरचं आहे आणि सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये लागलेलं आहे. रात्रभराच्या वादळानंतरची पहाट, फुटलेल्या जहाजाच्या डोलकाठीला धरून राहिलेली माणसं आणि त्यांच्यावर चालून येणारी, उजेड आरपार जाणारी लाट. त्याची छापील प्रत मी कॉलेजात असताना भिंतीवर लावली होती. घटकेत बदलणाऱ्या पाण्याला समोर बसून ब्रशने पकडता येत नाही, असं ऐवाझोव्स्कीचं मत होतं. तो पाहायचा आणि मग स्टुडिओत आठवणीने रंगवायचा. मीही तेच करतोय अशी माझी समजूत झाली. पण त्याच्या आठवणीत काळा समुद्र होता. माझ्या हातात उतरत होती ती त्याच्या चित्राची आठवण.

कड्यावरून मोबाइलवर काढलेले वीसेक फोटोही होते. ते मी खडकांच्या आकारापुरते वापरले.

तांडेलकाकांचा प्रश्न

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काका चित्र बघायला आले. पाय दुखतात म्हणून खुर्ची दिली, तर बसले नाहीत. बराच वेळ काहीच बोलेनात. मग म्हणाले, "वारा कुठला हा?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी तळहात कॅनव्हासपुढे आडवा धरला. "ही लाट येतेय किनाऱ्याला. तिचा फेस उडतोय मागे, दर्यात. म्हणजे वारा जमिनीवरनं. पावसात वारा जमिनीवरनं कसा येईल, मास्तर?" मग बोट उजवीकडे नेलं. "शीड भरलंय ते तिसऱ्याच बाजूनं. आणि वर पाऊस पडतोय तो सरळ खाली. एवढ्या वाऱ्यात?"

थोडं थांबून हळूच म्हणाले, "आणि आषाढात होडी बाहेर काढली कुणी?"

त्यांना वाईट वाटलं असावं, कारण जाताना म्हणाले, "रंग मात्र छान लावलेत."

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. पण काका सांगत होते ती गोष्ट या नियमाहून जुनी. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, होड्या वर ओढायच्या, नारळीच्या झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच पुन्हा पाण्यात घालायच्या. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. तरी मी आषाढात शीड उभारलं होतं.

कड्यावरच्या तीन सकाळी

दुसऱ्या दिवसापासून तीन सकाळी मी कड्यावर गेलो. रंग नेले नाहीत. फक्त छोटी वही, ६बी पेन्सिल आणि वहीवर धरायला प्लास्टिक. (कड्यावरून म्हणजे वरून, भिंतीच्या आतून. खालच्या खडकांवर पावसाळ्यात पाऊल टाकू नये, चित्रासाठी तर मुळीच नाही.)

पहिली गोष्ट, वारा. मोसमी वारा नैऋत्येचा. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की तो डाव्या हाताच्या पुढच्या कोपऱ्यातून तोंडावर येतो. एकदा हे कळलं की समुद्रातल्या सगळ्या गोष्टींची उत्तरं त्याच कोपऱ्यातून मिळतात. फेस लाटेच्या पुढे, किनाऱ्याकडे फेकला जातो. पावसाच्या सरी उजवीकडे कलतात. आणि जी गोष्ट मी इतक्या वर्षांत कधी टिपली नव्हती ती म्हणजे पाण्याच्या सपाटीवर फेसाचे लांब पट्टे ओढले जातात, तेही वाऱ्याच्याच दिशेने. खलाशी वाऱ्याचा जोर ज्या बोफर्ट मोजपट्टीवर मोजतात, तिच्या ७ व्या पायरीला, म्हणजे वारा ताशी ५० ते ६१ किलोमीटर झाला की हे पट्टे दिसू लागतात. माझ्या चित्रात असा एकही पट्टा नव्हता. होती ती नुसती पांढरी नक्षी, जाळीसारखी, सगळीकडे सारखी.

दुसरी गोष्ट, लाटेचा आकार. काचेसारखी गुळगुळीत, उंच उभी राहून वळणारी लाट आपण सर्फिंगच्या फोटोंत बघतो. तिथे वारा जमिनीवरून येत असतो. तो लाटेच्या तोंडावर येऊन तिला उभी धरून ठेवतो आणि शेंड्यावरचे तुषार मागे उडवतो. आपल्या पावसाळ्यात वारा पाठीमागून ढकलतो, त्यामुळे लाट उंच व्हायच्या आधीच कोसळते. समुद्रात एक राक्षसी लाट नसते. फुटलेल्या, एकमेकींवर चढलेल्या लाटांच्या पाच-सहा रांगा असतात, आणि त्यांच्यामधलं पाणीसुद्धा स्वस्थ नसतं. वादळ दिसतं ते या गर्दीतून. मी सगळा जोर एका लाटेत घातला होता आणि बाकीचा समुद्र तिच्यामागे गप्प बसला होता.

तिसरी गोष्ट कड्यापाशीची. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणून पुळणीवर ती लांबूनच फुटत येते. कड्याच्या पायाशी पाणी खोल असतं. तिथे लाट न फुटता येऊन आदळते आणि परत फिरते. ही उलटी लाट पुढून येणाऱ्या लाटेला भेटली की दोन्ही मिळून पाणी सरळ वर उसळतं, एखाद्या भिंतीसारखं, आणि क्षणभर तिथेच थांबल्यासारखं वाटतं. मग वारा तिचा माथा उजवीकडे झोडपून नेतो. तीन सकाळींतली माझ्या वहीची निम्मी पानं याच एका गोष्टीने भरली. माझ्या चित्राचा विषय समोर होता. गाजसुद्धा तिथली वेगळी, आधी धप्प आणि मग लांबलेला श्वास.

उजेडाचा हिशोब

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते.

लाट हिरवी चमकायला दोन गोष्टी लागतात: पाणी स्वच्छ आणि सूर्य लाटेच्या मागे, खाली. 'नववी लाट' बघा. सूर्य समोरच आहे, क्षितिजावरच्या धुक्यात. ऐवाझोव्स्कीने आधी दिवा लावला आणि मग काच चमकवली. मी चमक उचलली आणि दिवा जिथे असायला हवा तिथे काळा ढग रंगवला.

आणि पाणी? आमचा किनारा जांभ्याचा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाबरोबर तांबडी माती ओढ्या-नाल्यांतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात उतरते, तळाची वाळू आणि गाळ लाटा उपसतात. किनाऱ्यालगतचं पाणी फिकट चहाच्या रंगाचं असतं, ढगाखाली आल्यावर शिशासारखं. त्यातून प्रकाश आरपार जात नाही. फेससुद्धा पांढरा नसतो, मळकट सायीसारखा असतो. आणि सगळा समुद्र असाच असतो असंही नाही. बऱ्याच आत एक रेघ दिसते. तिच्या अलीकडे गढूळ तांबूस पाणी, पलीकडे शेवाळी करडं.

मग नाट्य कुठून आणायचं? आभाळ भरलेलं असतं तेव्हा आभाळ हाच दिवा असतो, म्हणून ते सहसा समुद्रापेक्षा उजळ दिसतं. पांढरा रुमाल ढगाळ आभाळासमोर धरून पाहा, तो करडा दिसेल. तरीही वादळी समुद्राच्या चित्रांत काळ्या आभाळापुढे फेस झळकताना दाखवतात. हे खरं कधी असू शकतं? बघणाऱ्याच्या पाठीमागे ढगांत फट पडली तर. रत्नागिरीचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, सह्याद्रीकडे. तिसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमारास नेमकं तेच झालं. पूर्वेला ढग फाटले आणि ऊन कड्यावरून पुढे पाण्यावर गेलं. समोर पश्चिमेला पावसाचा काळा पडदा, आणि त्यापुढे वर उसळलेली ती पाण्याची भिंत एकदम पेटली. जेमतेम मिनिटभर. मी वहीत फक्त आकडे लिहिले. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा धरून: आभाळ ३, दूरचं पाणी ३ ते ४, खडक २, सावलीतला फेस ५, उसळी ९. बाकी काही लिहायला वेळच नव्हता.

घरी येऊन माझ्याच चित्रावर हे आकडे मांडले. तिथे सगळा फेस ९ होता: जवळचा, लांबचा, उन्हातला, सावलीतला. सगळं ओरडत असेल तर ऐकू काहीच येत नाही. संध्याकाळ रंगवायची असती तर गणित उलटं झालं असतं, सूर्य ढगांमागे पश्चिमेला आणि फेस उजळ क्षितिजापुढे काळपट. तेही सुंदर असतं. पण एका चित्रात एकच वेळ असू शकते.

खरवडणं

आधी मी शॉर्टकट मारायला गेलो. पहिल्या चित्रावरच करड्याचा पातळ हात फिरवावा आणि सगळं दबवावं, असा बेत. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला अंबर आणि अल्ट्रामरीन फेसावर लावला, तर तो अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा थेंब-थेंब होऊन बसला. धरेचना.

कारण माझंच तेल. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. थर जाड, तेल जास्त आणि हवा दमट, मग दहा दिवसांनीही वर नुसती साय धरते आणि आत लोणी. टायटॅनियम व्हाइट मुळात सावकाश सुकणारा. 'खाली कोरडा, वर तेलकट' हा नियम मी वर्गात फळ्यावर लिहून देतो. तेलकट थर खाली राहिला तर तो वर्षभर हलत, आक्रसत राहतो आणि वरचा पातळ, लवकर सुकलेला थर तडकतो. माझ्या चित्रात तडा जायला वेळ लागला असता, पण गेला असताच. घरात लावून वर्षभरात फुटणारं चित्र देण्यापेक्षा उशीर परवडला.

एक अख्खा रविवार पॅलेट नाइफने लाट खरवडली. अंबरच्या थरापर्यंत आलो तेव्हा बरं वाटलं. तो पक्का सुकलेला होता आणि त्यावर पुन्हा उभं राहता येत होतं. पुसलेल्या चिंध्या पाण्याच्या डब्यात टाकल्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकतानाच ऊब निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. कॅनव्हासच्या मागे बुरशीचे ठिपकेही सापडले, कारण तो भिंतीला चिकटून उभा होता. ते कोरड्या ब्रशने झाडले आणि तेव्हापासून चित्र भिंतीपासून हातभर पुढे, खोलीत पंखा चालू.

दुसरं चित्र

रंग सहाच घेतले: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, यलो ऑकर, टायटॅनियम व्हाइट आणि किंचित व्हिरिडियन. काळा ट्यूबमधला घेतलाच नाही. अल्ट्रामरीन आणि सिएना मिळून जो काळा होतो तो हवा तसा थंड किंवा ऊबदार करता येतो. सुकायला वेळ नव्हता म्हणून रंगात मिसळायचं मीडियम लवकर सुकणाऱ्या अल्किडचं.

आभाळ एका बैठकीत, ओल्यात ओलं, घराला रंग देतात त्या तीन इंची ब्रशने. सरींसाठी तोच ब्रश कोरडा करून वरून खाली उजवीकडे कलता ओढला. मग समुद्र क्षितिजाकडून पुढे. लाटांच्या रांगा आधी फक्त गडद पोटांनी मांडल्या, फेस न लावता. फेसाशिवाय समुद्र खवळलेला दिसत नसेल तर फेस लावूनही दिसणार नाही, हे मला आता पटलं आहे. फेसाचे पट्टे जवळ रुंद, लांब गेल्यावर बारीक, सगळे डाव्या कोपऱ्यातून निघालेले. फेसाचा रंग पांढऱ्यात ऑकर आणि निळ्याचा थेंब, उजळपणा त्याच १ ते १० च्या मोजणीत ५ ते ६ च्या वर नाही. शेवटी फक्त कड्यापाशी, तळहाताएवढ्या जागेत, नाइफने जाड पांढरा. तोही किंचित उबदार, कारण ऊन सकाळचं. या वेळी वरून तेल घातलं नाही.

मुलाला फोटो पाठवला. उत्तर आलं, "सर, पहिलं जास्त भारी होतं. हे मळकट वाटतंय." मला राग आला, पण दोन दिवसांनी पाहिलं तर त्यांचं अर्धं बरोबर होतं. गढूळपणाच्या नादात मी सगळा कॅनव्हास एका तपकिरीत बुडवला होता. दूरची ती रेघ विसरलो होतो. तिच्या पलीकडे व्हिरिडियनचा करडा पट्टा आला, तेव्हा अलीकडचं तांबूस पाणी तांबूस दिसू लागलं. तोवर ते फक्त घाण दिसत होतं.

होडीचा प्रश्न राहिला. मुलाला ती हवी होती, काकांना ती तिथे असणं पटत नव्हतं, आणि मला दोघांची बाजू कळत होती. विन्स्लो होमर हा अमेरिकन चित्रकार मेन राज्यातल्या प्राउट्स नेक इथे समुद्राकाठी राहायचा. 'नॉर्थईस्टर' हे चित्र त्याने १८९५ साली केलं तेव्हा खडकांवर दोन माणसं होती. काही वर्षांनी त्याने ती रंगवून घालवली. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे ते नुसता खडक आणि पाणी. मी मुलाला ही गोष्ट फोनवर सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बाबांना विचारा. ते म्हणतील तसं."

काका दुसऱ्यांदा आले. या वेळी खुर्चीवर बसले. उजवा हात उचलून चित्राच्या डाव्या कोपऱ्याकडे केला आणि हळूहळू तिरका खाली आणला, थेट स्वतःच्या छातीपर्यंत. "हां. इथनं." होडीबद्दल विचारलं तर म्हणाले, "नको. ती वर ओढलेली आहे."

चित्र गणपतीच्या चार दिवस आधी लागलं, व्हार्निशशिवाय. जाड थर असला की सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं, त्यामुळे ते काम पुढच्या उन्हाळ्यात. पण एक गोष्ट माझ्याकडून राहिली. शिडाचा थर अंबरपर्यंत खरवडला होता असं मला वाटत होतं, तो राहिला होता. पुढच्या खोलीत दुपारी खिडकीतून तिरका उजेड येतो तेव्हा उजव्या बाजूच्या पाण्यात शिडाच्या कडेचा उंचवटा दिसतो. मी काकांना दाखवलं आणि व्हार्निशच्या वेळी घासून काढतो म्हणालो.

ते उठून जवळ गेले. त्या उंचवट्यावरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा वर.

"उलटं भरलंय," म्हणाले. "पण राहू दे."